ओटीवरून : आवळा, कोहळा आणि 'कोहा'

वाचकहो, गेल्या दिवाळीपासून आमच्या बोळिंजच्या वाचनालयांत एक वाद चालला होता. तो आतां निवळला आहे. परंतु निवळतांना त्यानें तळाशीं बसलेली माझी एक जुनी चूक वर आणली. तिची कबुली दिल्यावांचून या महिन्याचें लिखाण पुरें करूं नये, असें मनानें घेतलें आहे.

आधीं वाद कसला तें सांगतों. आमचें वाचनालय लहानसें आहे. पुस्तकें सुमारें सहा हजार, सरकारी प्रतवारींत 'क' वर्ग, एक ग्रंथपाल बाई, एक शिपाई, आणि कार्यकारी मंडळांत माझ्यासारखीं सात-आठ सेवानिवृत्त माणसें. सार्वजनिक ग्रंथालयांचा महाराष्ट्रांतील कायदा १९६७ सालचा. त्या कायद्याखालीं मिळणाऱ्या अनुदानांत पगार, वीज आणि मासिकें यांची तोंडमिळवणी करतां करतांच वर्ष सरतें. ग्रंथांची यादी म्हणाल, तर ती तीन ठिकाणीं आहे: जाड दाखल-नोंदवह्यांत, लांकडी खणांतील कार्डांत, आणि ग्रंथपाल बाईंच्या डोक्यांत. यांपैकीं वह्यांना कसर लागली आहे, कार्डें वीस वर्षांत कोणीं नीट लावलेलीं नाहींत, आणि बाई येत्या वैशाखांत निवृत्त होणार आहेत.

गांवही पूर्वीचें राहिलें नाहीं. केळीच्या बागा आणि पानवेलीचे मळे यांच्या शेजारीं म्हाडाच्या उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथील मंडळी संध्याकाळीं विरारच्या गाडीनें परततात, वाचनालयाचें दार लोटून विचारतात, "अमुक पुस्तक आहे का? यादी फोनवर दिसते का?" बाई मान हलवितात. ती मंडळी पुन्हां फिरकत नाहींत.

माझा पुतण्या संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें सभेंत सुचविलें कीं यादी संगणकावर घ्यावी, आणि त्यासाठीं 'कोहा' नांवाची आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतों तें, आणावी. किंमत विचारतां तो म्हणाला, "कांहीं नाहीं." त्याबरोबर आमचे कोषाध्यक्ष सावरून बसले. बँकेंत जन्म घालविलेला गृहस्थ! ते म्हणाले, "आवळा देऊन कोहळा काढणारे मीं पुष्कळ पाहिले आहेत. तुमचा आवळा तर दिसला. आतां यांचा कोहळा कोणता, तें सांगा." सभा हंसली, पण प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर शोधून आणण्याचें काम माझ्या गळ्यांत पडलें. खरें सांगावयाचें तर मीही त्या वेळीं विरुद्ध बाजूचाच होतों. नोंदवह्यांतील निम्मीं पानें माझ्या हस्ताक्षरांतलीं. त्यांची जागा यंत्रानें घ्यावी, हें मनाला रुचत नव्हतें.

शोध घेतां जें कळलें तें असें. 'कोहा' हा शब्द न्यूझीलंडांतील माओरी लोकांच्या भाषेंतला. त्याचा अर्थ भेट. पण घेणाऱ्यावरही कांहीं परत देण्याचें बंधन घालणारी भेट. आपल्या घरोघरीं लग्नामुंजींत आलेल्या आहेरांची वही असते कीं नाहीं? कोणीं काय दिलें, हें आपण त्यांत लिहून ठेवतों, तें केवळ मोजदादीसाठीं नव्हे. उद्यां त्यांच्या घरीं कार्य निघालें म्हणजे आपला हात आंखडूं नये, म्हणून. 'कोहा'चें मर्म याहून फारसें निराळें नाहीं.

त्या देशांत होरोफेनुआ नांवाचा लहानसा प्रांत आहे. १९९९ सालीं तेथील ग्रंथालयांपुढें अडचण उभी राहिली. वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे ध्यानांत ठेवणाऱ्या जुन्या संगणकव्यवस्थेला २००० साल ओळखतां येणार नव्हतें, आणि नवी विकत घेणें झेपत नव्हतें. रोझली ब्लेक या तेथील ग्रंथालयप्रमुख. त्यांच्या संस्थेनें 'कटिपो' नांवाच्या एका छोट्या कंपनीकडून आपल्याला हवी तशी आज्ञावली लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजीं ती सुरू झाली. एवढ्यावर थांबले असते, तर ती एका प्रांताची सोय झाली असती. पण त्यांनीं ती आज्ञावली तिच्या मूळ संहितेसह जगाला देऊन टाकली. कोणीही घ्यावी, वापरावी, आंत काय लिहिलें आहे तें वाचावें, हवें तें बदलावें. अट इतकीच कीं ती पुढें दुसऱ्याला देतांना त्यालाही हीच मोकळीक द्यावी. या अटीच्या परवान्याची पहिली आवृत्ति अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केली होती. आज निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयें ती आज्ञावली वापरतात, आणि दूर दूरचीं माणसें तिच्यांत भर घालतात, चुका काढतात, आपापल्या भाषेंत ती उतरवितात. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.नें चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत ती शिकविणारे धडेही आहेत.

हें वाचतांना मला आपल्या जुन्या पोथ्या आठवल्या. लेखक म्हणजे नकलाकार पोथीच्या शेवटीं पुढील वाचकाला विनवीत असे कीं तेलापाण्यापासून हिला जप. ती पोथी कोणीही उतरून घ्यावी, यांत त्याला कमीपणा वाटत नसे. उतरली नाहीं तरच ती मरणार, हें तो जाणून होता. दिल्यानें वाढणारें धन म्हणून विद्येची थोरवी आपण मुलांकडून घोकून घेतों. यंत्रयुगांत तेंच कोणीं आचरणांत आणलें, तर आपण बिचकावें कां?

पुढल्या सभेंत मीं हें सांगितलें आणि एक भाषिक गोष्टही जोडली. इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून तिकडे पुष्कळ घोटाळा माजतो. आपल्या मराठींत दोन शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. ही आज्ञावली मुक्त आहे, म्हणून ती मोफत मिळूं शकते. पण ती चालविणें मोफत नाहीं. संगणक लागणार, वीज लागणार, रोज रात्रीं सगळ्या नोंदींची दुसरी प्रत काढून निराळ्या जागीं ठेवावी लागणार. आणि मुख्य खर्च श्रमांचा. एका पुस्तकाची नोंद करण्यास पांच मिनिटें धरलीं, तर सहा हजार पुस्तकांना तीस हजार मिनिटें, म्हणजे पांचशें तास. दोन माणसें शेजारीं शेजारीं बसून रोज दोन दोन तास काम करतील, तर सव्वाशें दिवस. कोषाध्यक्षांनीं हा आंकडा कागदावर पुन्हां करून पाहिला आणि म्हणाले, "हां, आतां कोहळा दिसला. हा परवडेल."

परंतु त्यांची दुसरी शंका याहून खोल होती. "ज्याला धनी नाहीं, त्याला वाली कोण? उद्यां कोणी दांडगा आला आणि म्हणाला कीं हें माझें, तर?" ही शंकाही काल्पनिक नव्हती. तसें एकदां घडलें आहे. एका अमेरिकन कंपनीनें 'कोहा' हें नांवच न्यूझीलंडांत स्वतःच्या व्यापारी मालकीचें म्हणून नोंदविण्याचा प्रयत्न केला. २०११ सालीं त्या लहान ग्रंथालयसंस्थेनें जगभरच्या सोबत्यांना हांक मारली, साहाय्य मागितलें आणि हरकत घेतली. शेवटीं कंपनीची मागणी मान्य झाली नाहीं. धनी नव्हता खरा. पण वाली पुष्कळ निघाले. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसाला हें समजावून सांगावें लागूं नये. सामाईक विहीर कोणा एकाची नसते. म्हणूनच तिचा गाळ काढावयाला सगळीं घरें उतरलीं तर ती टिकते, आणि कोणीच उतरलें नाहीं तर बुजते.

ग्रंथपाल बाईंची हरकत वेगळी होती. त्या सभेंत कांहीं बोलल्या नाहींत. सभेनंतर दिवे मालवतांना मात्र म्हणाल्या, "मास्तर, इतकीं वर्षें लोक मला येऊन सांगतात, 'ती निळ्या कव्हराची, त्या विहिरीवरच्या बाईची कादंबरी द्या,' आणि मी देतें. तुमच्या यंत्राला निळें कव्हर समजेल का?" मला उत्तर सुचलें नाहीं. पुतण्यालाच सुचलें. तो म्हणाला, "यंत्राला समजणार नाहीं, काकू. म्हणूनच तुम्ही जाण्याआधीं तें तुम्हीं सांगावयाला हवें. नोंदींत टीप लिहावयाला जागा असते." त्या दिवसापासून बाई पुस्तक हातांत घेऊन बोलत आणि मुलें तें संगणकावर उतरवून घेत. कोणत्या पुस्तकाचीं शेवटचीं पानें नाहींत, कोणत्या नाटकाच्या दोन आवृत्त्यांत फरक आहे, कोणतें प्रवासवर्णन मुलांना आवडतें, हें कोणत्याही वहींत नव्हतें. तें आतां यादींत आहे.

सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र कार्यकारी मंडळाबाहेरून आला. आमच्याच आळींतील एक सूनबाई पुस्तक बदलावयास आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी काय वाचतें, तें त्या यंत्रांत कायमचें राहणार का? घरांत आम्ही अकरा माणसें. वाचनालयांत नंबर मामंजींच्या फोनचा दिला आहे." त्या काय वाचतात, तें मीं विचारलें नाहीं, विचारणें योग्यही नव्हतें. वडील माणसांचा मान ठेवावा, हें खरें. पण एखादीनें काय वाचावें, हें तिचें तिला ठरवूं द्यावें, हेंही तितकेंच खरें. चौकशी करतां कळलें कीं पुस्तक परत आल्यावर तें कोणीं नेलें होतें ही खूण पुसून टाकण्याची सोय या आज्ञावलींत आहे. संस्थेनें ती लावून घ्यावी लागते. आम्हीं ठराव करून ती लावून घेतली, आणि निरोप कुटुंबप्रमुखाच्या नव्हे, तर वाचणाराच्या स्वतःच्या फोनवर जावा असें ठरविलें. हा ठराव होतांना दोन वडील सभासदांच्या कपाळाला आंठ्या पडल्या. तरीही तो झाला, याचें मला समाधान आहे.

मग काम सुरू झालें, आणि पहिल्याच आठवड्यांत आम्ही अडलों तें यंत्रापाशीं नव्हे, तर नांवांपाशीं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच गृहस्थ, हें आपणांस ठाऊक. यादीला तें सांगावें लागतें. नाहीं तर 'विशाखा' एका कपाटांत आणि 'नटसम्राट' दुसऱ्यांत, असा एका माणसाचा दोन बिऱ्हाडांचा संसार होतो. केशवसुत आणि दामले, माधव जूलियन आणि पटवर्धन, बालकवि आणि ठोंबरे, सगळ्यांचें तेंच. दुसरी अडचण लेखनाची. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीची आमच्याकडे एक जुनी प्रत आहे, तिच्यावर 'पण लक्षांत कोण घेतो' असा अनुस्वार आहे; नव्या प्रतीवर तो नाहीं. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असे अनुस्वार काढून टाकले. हा लेख वाचतांना आपण पाहतच आहां कीं माझ्या लेखणीवरून ते अद्याप गेलेले नाहींत. एकानें अनुस्वार दिला, दुसऱ्यानें गाळला, तर शोधणाराला एक प्रत दिसावी आणि दुसरी दिसूं नये, असें होतें. दोष यंत्राचा नाहीं. आमच्याच दोन हातांनीं दोन तऱ्हेनें लिहिल्याचा. शेवटीं नियम केला कीं मूळ मुखपृष्ठावर असेल तसें लिहावें, आणि शोधासाठीं आजचें रूप शेजारीं द्यावें.

इतर ग्रंथालयांनीं केलेल्या नोंदी उतरून घेण्याची सोय या आज्ञावलींत आहे. पण वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध ग्रंथालयांतील मराठी पुस्तकांच्या नोंदी पाहिल्या, तों त्या टिंबारेघांच्या रोमन अक्षरांत! आमच्या गांवचा वाचक त्या कशा शोधणार? मराठी नोंदी मराठींत मराठी माणसांनींच करावयाच्या, हाच आपल्या वांट्याचा आहेर. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि १९४३ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९५० पर्यंतच्या ग्रंथांची पुढली सूचि १९६१ सालीं. हातांत केवळ कागद आणि टांक असतां त्यांनीं तें केलें. आमच्या दिमतीला तर संगणक आहे.

आतां त्या चुकीची गोष्ट. १९९८ सालीं मी वाचनालयाचा मानद चिटणीस होतों. माझ्याच वर्गांतील, आठवींतला एक मुलगा 'रिकामपणची कामगिरी' घेऊन गेला होता. मुदत टळली. विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, मीं परत केलें." मीं वही पाहिली, जमा नव्हतें. गडकऱ्यांचें कपाट पाहिलें, तेथें नव्हतें. पांचपंचवीस लोकांसमोर मीं त्याला म्हटलें, "पुस्तक हरविणें हा एक अपराध, खोटें बोलणें हा दुसरा." दुसऱ्या दिवशीं त्याची आजी आली. आगाशीच्या बाजारांत सुकेळी विकून आणलेले चाळीस रुपये तिनें मेजावर मोजून ठेवले आणि एक अक्षर न बोलतां गेली. मीं पावती फाडली.

गेल्या माघांत आम्ही 'ब'चें कपाट घेतलें. एक पुस्तक निघालें. त्याची पाठ नव्यानें बांधलेली होती, आणि बांधणारानें तिच्यावर एवढेंच लिहिलें होतें: 'बाळकराम'. राम गणेश गडकरी विनोदी लेख त्या नांवानें लिहीत. आंत 'रिकामपणची कामगिरी'. परतीची तारीख १९९८ च्या श्रावणांतली, त्या मुलाच्या मुदतीच्या आंतली, आणि तिच्यापुढें सही माझी. मींच तें परत घेतलें होतें, वहींत जमा करावयाचें विसरलों होतों, आणि कोणीं तरी पाठीवरचें नांव वाचून तें 'ब'मध्यें लावलें होतें. नांवाच्या एका ओळीची फारकत, आणि एक मूल सगळ्यांसमोर खोटें ठरलें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दोन दिवसांनीं पुस्तक आणि पैसे घेऊन मी त्याच्याकडे गेलों. आतां तो चाळिशीला आला आहे, विरारलाच राहतो. आजी जाऊन बरीच वर्षें झालीं. त्यानें पुस्तक उलटून सही पाहिली. पैसे घेतले नाहींत. म्हणाला, "गुरुजी, पैशांचें मी विसरलों होतों. तुम्ही 'खोटें बोलतोस' म्हणालांत, तें नाहीं विसरलों. त्यानंतर मी वाचनालयाची पायरी चढलों नाहीं." मीं क्षमा मागितली. त्यानें चहा दिला; पण "असूं द्या" म्हणाला नाहीं, आणि तें म्हणावें अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. पुढल्या सभेंत मीं सगळा प्रकार सांगून इतिवृत्तांत लिहवून घेतला, कारण दोषारोप लोकांसमोर झाला होता. ते चाळीस रुपये त्याच्या आजीच्या नांवें जमा आहेत.

कोणी म्हणतील, संगणक असता तर हें टळलें असतें. मला तसें म्हणवत नाहीं. मीं विसरलों, तें संगणकापुढेंही विसरलों असतों. फरक इतकाच कीं 'बाळकराम' आणि 'गडकरी' यांची गांठ यादींत घातलेली असती, तर कोणाही वाचकाला तें पुस्तक दिसलें असतें, आणि त्या मुलाला माझ्या एकट्याच्या वहीवर व माझ्या एकट्याच्या शब्दावर अवलंबून राहावें लागलें नसतें. यादी उघडी असली म्हणजे चुकाही उघड होतात, आणि उघड झालेली चूक सुधारतां येते. मूळ संहिता सर्वांस खुली ठेवण्याचें मर्मही, मला वाटतें, हेंच आहे. ज्याला आपलें लिखाण कोणीं तपासूं नये असें वाटतें, तो शहाणा असेल, पण त्याच्या हातीं दुसऱ्याची अब्रू देऊं नये. मी हें शाळामास्तर म्हणून नव्हे, तर चुकलेला चिटणीस म्हणून सांगतों.

आमची निम्मी यादी आजवर पुरी झाली आहे. बाई निवृत्त होईपर्यंत बाकीचें संपावें, अशी खटपट आहे. आपल्या गांवच्या वाचनालयांतही असें काम निघालें, तर वाचकहो, विरोध करावयाचा असल्यास अवश्य करा. आमच्या कोषाध्यक्षांच्या आणि त्या सूनबाईंच्या शंकांनींच आमचें काम सुधारलें. पण शंका विचारून घरीं जाऊं नका. आठवड्यांतून दोन तास तेथें जाऊन बसा. घरांतील वडिलांना टोपणनांवें विचारा, मुलांना संगणकापाशीं बसवा, आणि प्रत्येक नांव दोनदां वाचा. भेट आपण घेतली आहे. आहेराच्या वहींत आपलीही एक ओळ पडूं द्या.